आप्पांच्या ऑपरेशनबद्दल

पुणे, रविवार

प्रिय सुधीर,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आईच्या वेळी माझीही हीच गत झाली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपवातावरच्या (पार्किन्सनवरच्या) ज्या ऑपरेशनला डॉक्टर डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात त्यात मेंदूचं काही कापून काढत नाहीत. खोलवरच्या इवल्याशा केंद्रात दोन्ही बाजूंनी बारीक तारा सोडतात, कातडीखालून छातीपर्यंत आणतात आणि गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकरसारखं यंत्र बसवतात. पूर्वी थरथर थांबवायला मेंदूतली जागा जाळून टाकायचे. १९८७ साली फ्रान्समध्ये ग्रेनोबलला डॉ. बेनाबिद यांनी ती न जाळता तिथे विजेचे जलद ठोके देत राहायला सुरुवात केली. ठोक्यांचा जोर मागाहून कमी-जास्त करता येतो, याचाच मला तेव्हा मोठा धीर वाटला.

तारा बसवताना आईला जागंच ठेवलं होतं. "मुठी मिटा, उघडा, वारांची नावं सांगा," असं चाललेलं. ड्रिलची घरघर कवटीत घुमली, पण दुखलं नाही म्हणाली. यंत्र काही आठवड्यांनी सुरू केलं. त्या संध्याकाळी तिने बाबांना चहा आणून दिला आणि कप बशीत वाजला नाही. बाबा पेपर तोंडासमोर धरून बसले होते, पान मात्र उलटत नव्हते.

तरी आप्पा ठणठणीत होतील असं घरात कुणाला सांगू नकोस. आजार आतून पुढे सरकतोच. आईचा आवाज बारीकच आहे, चालताना तोल अजून जातो. गोळ्या कमी झाल्या, सुटल्या नाहीत. थरथर सोडली तर गोळीने जे सुधारतं, तेच साधारण याने सुधारतं. म्हणून ऑपरेशन ठरवण्याआधी रात्रीपासून गोळ्या बंद ठेवून सकाळी तपासतात आणि मग गोळी देऊन पुन्हा. त्या दोन्ही वेळी तू समोर उभा राहा, फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आप्पांच्या विसरण्याबद्दल काही लपवू नकोस. त्यावर बराच निर्णय ठरतो. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका किती, हेही स्पष्ट विचार.

बुधवारी मी येतोय, तू एकटा जाऊ नकोस.

आईचा निरोप: ऑपरेशननंतर डोक्यातून कपडे घालताना त्रास होतो, तेव्हा पुढून उघडणारे दोन सदरे शिवून ठेवा. बटणं मोठी लावा म्हणाली, आप्पांना स्वतःला लावता येतील अशी.

तुझा,
मंदार