लिंक न मिळालेली माणसं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोविडला इतकी वर्षं झाली तरी आमच्या मंडळीत तो विषय निघाला की एकच वाद सुरू होतो, चर्च बंद ठेवलं ते बरोबर की चूक. परवा प्रार्थनासभेनंतर परत तेच. एक जण ठासून म्हणाले की पुढच्या वेळी साथ आली तर दार उघडंच ठेवायचं, विश्वास असेल तर काही होत नाही, आणि लगेच बायबलमधलं स्तोत्र 91 म्हणून दाखवलं. दहा-बारा जणांनी आमेन म्हटलं. माझ्या तोंडून काही ते निघेना, घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो.

स्तोत्र 91 लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर रोज यायचं, माझ्या स्वतःच्या स्टेटसला पण होतं, तुझ्या बाजूला हजार पडले तरी तुझ्यापर्यंत काही येणार नाही अशा अर्थाचं. धीर यायचा, खोटं का बोला. पण मत्तयच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, हेच स्तोत्र कोण कोणाला ऐकवतंय ते बघा ना! सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन उभा करतो आणि याच स्तोत्रातलं वचन सांगतो, मार उडी, देवदूत झेलतील. त्यावर येशूचं उत्तर एवढंच, देवाची परीक्षा पाहू नकोस. इथं तर आपण एकटे उडी मारत नाही, शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या माणसाला पण सोबत घेऊन मारतो, त्याला न विचारता.

10 मार्च 2020 ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका कॉयरची प्रॅक्टिस झाली, जागा चर्चचीच, अडीच तास, 61 माणसं. त्यात एकाला आधीच सर्दीसारखं काहीतरी होतं. नंतरच्या तपासात निघालं की बाकीच्यांतल्या 52 जणांना लागण झाली (20 जण नुसत्या लक्षणांवरून धरलेले), दोघं वारले. त्यांनी काही मुद्दाम केलं नव्हतं हो, नुसतं गायले. मी पण कॉयरमध्ये आहे म्हणून हे वाचल्यावर बराच वेळ डोक्यातून गेलं नाही.

बरं, साथीत उपासना कशी करायची हा प्रश्न मंडळीला नवीन नाही. 1576 ला मिलान शहरात प्लेग आला, लोक घरात कोंडलेले, तर तिथल्या आर्चबिशपनं, कार्लो बोरोमेओनं, चौकाचौकात वेदी मांडायला लावल्या, लोकांनी खिडकीतून मिस्सा, म्हणजे उपासना, बघायची. आपलं ऑनलाइन वगैरे त्याचंच पुढचं रूप म्हणायचं. 1527 ला जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा मार्टिन लुथर, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा, गाव सोडून गेला नाही, घरात बायको गरोदर आणि त्याच घरात आजारी लोकांना ठेवून घेतलेलं. ब्रेस्लाऊ शहरातल्या पाळकांनी त्याला विचारलं होतं की प्लेगमध्ये ख्रिस्ती माणसानं पळावं का, त्यावर त्यानं लांबलचक उत्तर लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की औषध घ्या, घराला धुरी द्या, जिथं तुमची गरज नाही तिथं उगाच जाऊ नका, जे औषध नाकारून फुशारकी मारतात ते देवाची परीक्षा बघतात. पण शेजाऱ्याला तुमची गरज पडली तर जावंच लागेल, आणि पाळकानं तर सोडून जायचंच नाही.

आमच्याकडं सगळा वाद यातल्या पहिल्या अर्ध्यावर. दुसऱ्या अर्ध्याचं कोणी नावच काढत नाही, ते का हे मला चांगलं माहितीय, कारण तिथं आम्ही नापास झालो, आणि आम्ही म्हणजे त्यात मी पहिला.

आमच्याकडं दोन-तीन आठवड्यांत ऑनलाइन उपासना सुरू झाली, मोबाइल स्टँडवर, दानाचा क्यूआर कोड पण स्क्रीनवर झळकला. लिंक फॉरवर्ड करायचं काम माझ्याकडं. दर शनिवारी रात्री ग्रुपवर टाकायची, निळ्या टिका मोजायच्या आणि खूश व्हायचं. ग्रुपवर नसलेली अकरा माणसं होती, साधा फोन किंवा तोही नाही. ऑगस्टमध्ये त्यातल्या एका आजींकडं औषधं द्यायला गेलो, योगायोगानं रविवार होता. दार उघडंच होतं. आजी चर्चचे कपडे घालून खुर्चीत ताठ बसलेल्या, मांडीवर गीतांचं पुस्तक, समोर भिंत. म्हणाल्या, उपासनेच्या वेळेला मी बसते रे, संपायच्या वेळेला उठते, तुम्ही कुठलं गाणं घेता ते कळत नाही म्हणून ओळीनं एकेक घेते, आता 140 वर आलेय. पाच महिने! मला काय बोलावं सुचेना, औषधं ठेवली आणि दारातूनच त्यांच्याबरोबर 140 नंबर म्हटलं, मास्क लावून.

चर्च परत उघडलं तो पहिला रविवार पण आठवतो. एक सोडून एक बाकावर पिवळी टेप, आणि साक्ष द्यायला ही लाइन. प्रभूनं आमच्या घराला धक्का लागू दिला नाही, आमच्या सगळ्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह, हालेलुया. तिसऱ्या बाकावर एक ताई बसलेल्या, मिस्टर दोन महिन्यांपूर्वी गेलेले, मातीला चारच माणसं होती. त्या मान खाली घालून बाकावरची टेप नखानं खरवडत होत्या. त्यांच्या घरचा विश्वास कमी पडला असं थेट कोणी म्हणालं नाही, पण त्या साक्षींचा दुसरा अर्थ काय निघतो? तिसऱ्या शतकातल्या साथीबद्दल अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस लिहितात की आपले लोक आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतःच मेले, आणि अशा मरणाला ते हुतात्म्यांच्या मरणापेक्षा कमी मानत नाहीत. निगेटिव्ह रिपोर्टची साक्ष त्यात कुठंच नाही.

लसीवरून जे झालं ते जास्त उगाळत नाही. व्हॅटिकननं 21 डिसेंबर 2020 ला स्पष्ट सांगितलं होतं की लस घ्यायला नैतिक अडचण नाही, सक्ती नसावी पण दुसऱ्याच्या जिवाचा विचार करा, तरी लस म्हणजे 666, बायबलमधल्या श्वापदाची खूण, असे मेसेज फिरवणारे फिरवतच राहिले, आणि त्यातले काही गुपचूप दोन्ही डोस घेऊन आले.

गेल्या महिन्यात कमिटीत मी एक साधी मागणी केली. एक वही करा, एकटे राहणारे, फोन नसलेले, घरातून बाहेर न पडू शकणारे यांची नावं, आणि प्रत्येकासमोर कोण जाणार त्याचं नाव, दर सहा महिन्यांनी बघायची. खर्च एका वहीचा. पास्टर मान हलवत होते, पण सेक्रेटरी म्हणाले, आता कुठाय साथ, पुढच्या मीटिंगला घेऊ. मग नव्या साउंड सिस्टिमवर पाऊण तास चर्चा झाली.

आपला,
एक मंडळी-सभासद