गंधकाच्या नळ्या सील करून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

लिथियम-गंधक बॅटरीवरचा माझा प्रबंध गेल्या महिन्यात जमा झाला. त्यात तुमच्या कामाला एक ओळ मिळाली आहे: 'मिश्रण निर्वात नळीत बंद करून १५५ अंश सेल्सिअसला तापवले.' प्रबंधात याहून जास्त लिहायची रीत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. आमच्या लॅबमध्ये पुढे येणाऱ्या मुलांनी ती ओळ वाचताना तिच्यामागचं काम कुणाचं होतं, हे त्यांना माहीत असावं.

कामाचा कागद घेऊन मी तुमच्या काचकामाच्या वर्कशॉपमध्ये आले, तेव्हा तुम्ही आधी बाटली उघडून वास घेतलात. "हे तर आमच्या तासगावला द्राक्षांवर भुरी पडली की धुरळतात ते!" हो काका, तेच गंधक. तेल शुद्धीकरण कारखान्यांत पेट्रोल-डिझेलमधून काढून टाकावं लागतं, त्यामुळे मुबलक आणि स्वस्त. आजच्या लिथियम बॅटरीतलं एक ग्रॅम लिथियम कोबाल्ट ऑक्साइड प्रत्यक्षात साधारण १४० ते १५० मिलिअँपिअर-तास एवढा विद्युतभार साठवतं. गंधकाचा हिशेब कागदावर ग्रॅममागे १६७५ चा आहे. एवढा मोठा आकडा समोर असल्यावर माणसं साठ वर्षं त्याच्यामागे लागली, यात नवल नाही.

पण गंधकातून वीज जवळपास वाहतच नाही, आणि लिथियम आत शिरलं की ते सुमारे ८० टक्के फुगतं. म्हणून त्याला ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांमध्ये बसवायचं. कार्बन वीज वाहून नेतो आणि थरांमधल्या फटी फुगायला जागा देतात. चिरोट्याच्या पोळ्यांमध्ये साटा असतो तसं हे गंधक. मात्र इथले थर नॅनोमीटरचे, त्यामुळे ते वितळवून आपोआप आत मुरू द्यावं लागतं.

"१५५च का?" हा प्रश्न तुम्ही विचारलात, आणि मला फार बरं वाटलं होतं. गंधक ११५ ते १२० अंशांच्या दरम्यान वितळतं आणि १५५ च्या आसपास सर्वांत पातळ होतं. १६० ओलांडलं की त्याच्या आठ अणूंच्या कड्या उघडतात, एकमेकींना जोडून लांब साखळ्या होतात आणि ते एकदम घट्ट होतं. मग बारीक छिद्रांत ते शिरणार कसं? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नाझर यांच्या गटानं २००९ साली सच्छिद्र कार्बनमध्ये याच तापमानाला गंधक मुरवून दाखवलं. तेव्हापासून जगभरच्या गंधकवाल्या लॅबमध्ये हा आकडा पाठ आहे.

नळी उघडी ठेवली तर तापवताना वाफ निघून जाते आणि किती गंधक उरलं याचा भरवसा राहत नाही. म्हणून ती बंद हवी. आता ज्वाळेनं काच मऊ करायची आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर असलेलं गंधक वितळूही द्यायचं नाही, हे काम तुमचं. तुम्ही नळीला आधीच मान ओढून ठेवायचात. लांब दांड्याच्या नरसाळ्यातून मी पूड टाकायचे, कारण मानेला कण चिकटला तर सील तिथेच फुटतं. वर काचलोकरीचा बोळा, नाहीतर ग्राफीनची हलकी पूड थेट पंपात जाते. बूड बर्फाच्या पाण्यात. पंपाची चावी तुम्ही इतकी सावकाश फिरवायचात की आतली पूड हलायचीसुद्धा नाही. मग तो जांभळट चष्मा लावून ज्वाळा मानेभोवती फिरवायची. काच मऊ झाली की बाहेरची हवा तिला आत दाबते, आणि त्या क्षणी तुम्ही नळी हलकेच पिळून ओढून घ्यायचात. शेवटी पिवळ्या, मंद ज्वाळेत ते टोक निववायचं. ही शेवटची पायरी घाईतही तुम्ही कधी गाळली नाहीत. भट्टीत गेलेली तुमची एकही नळी तडकली नाही, हे मी माझ्या नोंदवहीवर हात ठेवून सांगते.

आणि तो एच-सेल! गंधकाच्या बॅटरीचं खरं दुखणं म्हणजे पॉलिसल्फाइड. चार्ज-डिस्चार्ज होताना गंधक आणि लिथियमची मधली संयुगं द्रावणात विरघळतात, पलीकडच्या लिथियमपर्यंत जातात आणि क्षमता हळूहळू गळते. स्टीलच्या बटण-सेलमध्ये यातलं काही दिसत नाही, फक्त आलेख खाली येताना दिसतो. तुम्ही दोन भुजांचं काचेचं भांडं करून दिलंत. मधे सेपरेटर, म्हणजे बॅटरीच्या दोन बाजू वेगळ्या ठेवणारा सच्छिद्र पडदा, एका बाजूला लालसर तपकिरी पॉलिसल्फाइड, दुसऱ्या बाजूला स्वच्छ द्रावण. ग्लोव्हबॉक्सच्या, म्हणजे बाहेरून हातमोज्यांत हात घालून काम करायच्या हवाबंद पेटीच्या, छोट्या कप्प्यातून ते आत जावं म्हणून भुजा आखूड केल्यात आणि जाड हातमोज्यांनी कलंडू नये म्हणून बूड रुंद. हे मी सांगितलं नव्हतं. तुम्ही लॅबमध्ये येऊन हातमोज्यांत हात घालून बघून गेला होतात.

मूळचे तमिळनाडूचे, टेक्सास विद्यापीठातले अरुमुगम मंथिराम यांच्या गटानं २०१२ साली गंधकाचा इलेक्ट्रोड (बॅटरीचं टोक) आणि सेपरेटर यांच्यामध्ये कार्बनचा आणखी एक थर ठेवून ही गळती कमी केली होती. तीच कल्पना आम्ही आमच्या ग्राफीनवर तपासली. साध्या सेपरेटरला दुसरी बाजू थोड्याच वेळात पिवळी पडली. थर दिल्यावर ती संध्याकाळपर्यंत स्वच्छ होती आणि सकाळी अगदी फिकट पिवळी. म्हणजे गळती मंदावली, थांबली नाही. कोरा कार्बन पॉलिसल्फाइडला घट्ट धरत नाही, ऑक्सिजनचे गट असलेला जास्त धरतो. प्रबंधाचं चौथं प्रकरण सगळं या पिवळ्या रंगावर उभं आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत भक्कम आहे.

या बॅटऱ्या अजून फोनमध्ये आलेल्या नाहीत, फार लवकर थकतात. तरी २०१० साली झेफिर नावाचं सौर विमान ॲरिझोनाच्या वाळवंटावर सलग १४ दिवस उडत राहिलं, ते रात्री लिथियम-गंधक बॅटरीवरच. वजन कमी हवं तिथे गंधकाला पर्याय शोधणं कठीण आहे, असं मला मनापासून वाटतं.

काका, तुम्ही निवृत्त झाल्यापासून नळ्या बाहेरून करून आणाव्या लागतात, पण गंधक भरलेली नळी सील करायला कुणी घेत नाही. नवीन आलेल्या दोघांना हे शिकायचं आहे. त्यांतली मुलगी विशेष चिकाटीची आहे. बर्नर आणि पंप चालू स्थितीत आहेत, मी तपासून घेतले. तुम्हाला जमेल त्या शनिवारी याल का? न्यायला गाडी घेऊन मी येईन, काकूंनाही आणा.

तुमची,
गंधकवाल्या लॅबमधली विद्यार्थिनी