सोमवारच्या रात्री दिलेला शब्द

जळगाव

ती. आप्पा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

येत्या रविवारी वाचनालयातली तुमची मंडळी 'रोमिओ-ज्युलिएटच्या मरणाला जबाबदार कोण' यावर बसणार, हे परवा फोनवर कळलं. आप्पांनी निकाल आधीच लावून टाकलाय: पोरांची घाई. आईचा सगळा राग ज्युलिएटच्या दाईवर. मला दोन्ही पटत नाही, आणि फोनवर नीट बोलून होणारी ही गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसले.

आप्पा, तंटामुक्ती समितीत बसता तेव्हा जी रीत पाळता, तीच इथे लावा. आधी काय घडलं ते ओळीनं. मग कुणाला काय माहीत होतं. मग कुणाच्या हातात काय होतं. दोष त्यानंतर. या नाटकावरच्या चर्चा बहुतेक वेळा इथेच बिघडतात. लोक शेवटच्या प्रवेशापासून सुरुवात करतात. तिथे थडग्याच्या तळघरात दोन पोरंच दिसतात, एकानं विष घेतलेलं, दुसरीनं खंजीर खुपसून घेतलेला, आणि दोष त्यांच्यापाशीच थांबतो.

तर आधी दिवस मांडा. रविवारी सकाळी व्हेरोनाच्या रस्त्यावर दोन घराण्यांच्या नोकरांची मारामारी होते. तिथला राजा दम देतो, पुन्हा असं झालं तर जिवानिशी जाल. रात्री ज्युलिएटच्या बापाच्या, कॅप्युलेटच्या घरी जेवण आणि नाच, तिथे तिची आणि वैऱ्याच्या घरच्या रोमिओची भेट, आणि त्याच रात्री बागेत लग्नाचं बोलणं. सोमवारी दुपारी फ्रायर लॉरेन्स हा साधू गुपचूप लग्न लावतो. तासाभरात ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट रोमिओच्या मित्राला, मर्क्युशिओला मारतो, रोमिओ टिबॉल्टला मारतो आणि हद्दपार होतो. सोमवारी रात्री उशिरा कॅप्युलेट आपली मुलगी राजाच्या नात्यातल्या पॅरिसला देऊन टाकतो आणि गुरुवारचं लग्न ठरवतो. मंगळवारी पहाटे रोमिओ मँटुआ या दुसऱ्या शहराकडे निघतो. त्याच दिवशी ज्युलिएट लग्नाला नाही म्हणते, बाप भडकतो, ती फ्रायरकडून मेल्यासारखी झोप आणणारं औषध आणते. घरी येऊन ती खोटाच होकार देते, तर बाप खूश होऊन लग्न आणखी एक दिवस अलीकडे ओढतो. म्हणून बुधवारी रात्री घ्यायचं औषध तिला मंगळवारीच घ्यावं लागतं.

औषधाचा अंमल ४२ तासांचा सांगितलाय. मंगळवार रात्रीपासून मोजलं तर जाग गुरुवारी संध्याकाळच्या सुमारास यायला हवी, आणि नाटक संपतं ते पहाटेच्या अंधारात. हा हिशेब मुळातच जुळत नाही. बैठकीत कुणी हा मुद्दा काढलाच तर त्यात वेळ घालवू नका. जबाबदारीच्या प्रश्नाला त्यानं काही फरक पडत नाही.

आता आप्पांची 'घाई'. हा आरोप फार जुना आहे. शेक्सपिअरनं ही गोष्ट घेतली ती आर्थर ब्रूकच्या १५६२ च्या काव्यातून. ब्रूकनं वाचकांना उद्देशून जे लिहिलंय त्यात जवळजवळ तुमचाच निकाल आहे: आईबापांचं न ऐकता वासनेच्या मागे गेलेली पोरं. शेक्सपिअरनं १५९५ च्या सुमारास नाटक लिहिताना गोष्ट घेतली, तो निकाल मात्र घेतला नाही. उलट आरंभीच्या चौदा ओळींत तो दोन घराण्यांच्या जुन्या वैराचं आणि आईबापांच्या संतापाचं नाव घेतो. त्यानं आणखी दोन बदल केले, ते लक्षात ठेवा. ब्रूकच्या काव्यात जे महिनोन्‌महिने चालतं ते त्यानं पाच दिवसांत कोंबलं. आणि ब्रूकची सोळा वर्षांची मुलगी त्यानं चौदाचीही पुरी ठेवली नाही. म्हणजे घाई त्यानं मुद्दाम वाढवली, आणि ती कुणाकुणाच्या अंगी आहे हेही दाखवलं.

फ्रायर रोमिओला सांगतो, सावकाश, धावणारा ठेचकाळतो. आणि त्याच दुपारी लग्न लावून मोकळा होतो. कॅप्युलेट गुरुवारचा बुधवार करतो. रोमिओ तर प्रत्येक ठिकाणी एक पाऊल पुढेच असतो. ज्युलिएटही लग्नाला उतावीळ होते, ते मी नाकारत नाही. पण हे फार अचानक होतंय, अविचारी होतंय, असं पहिल्या रात्री बागेत बोलणारी तीच. आणि पुढे सगळ्या नाटकात मुदत मागणारीही तीच एकटी आहे. आईला ती विनवते, हे लग्न महिनाभर पुढे ढकल, निदान एक आठवडा. तो आठवडा मिळाला असता तर मँटुआला दुसरा निरोप सहज पोचला असता. मँटुआ व्हेरोनापासून चाळीसेक किलोमीटर, अमळनेरहून धुळं साधारण जेवढं तेवढंच.

माझ्या मते या प्रकरणाची गाठ सोमवारच्या रात्री बसते. त्यासाठी दोन प्रवेश शेजारी शेजारी ठेवून वाचा: पहिल्या अंकाचा दुसरा आणि तिसऱ्या अंकाचा चौथा. दोन्ही लहान आहेत. पहिल्या अंकात पॅरिस मागणी घालतो तेव्हा कॅप्युलेट किती शहाणपणानं बोलतो पाहा. पोर अजून चौदाची झाली नाही, आणखी दोन उन्हाळे जाऊ देत, फार लवकर आई झालेल्या पोरी लवकर कोमेजतात. माझी बाकीची लेकरं मातीत गेली, ही एकच उरली. तू तिचं मन जिंक, माझी संमती हा तिच्या संमतीचा केवळ एक भाग. आपल्याकडच्या कुठल्याही ओट्यावर असा बाप बसला तर लोक त्याला मानतील.

तिसऱ्या अंकात तोच माणूस आहे. घरात टिबॉल्टचं सुतक, रात्र बरीच झालेली, पॅरिस निरोप घेऊन निघालेला. कॅप्युलेट त्याला थांबवतो आणि म्हणतो, ती माझं ऐकेल, मला शंका नाही. मग विचारतो आज वार कोणता. सोमवार. बुधवार फार लवकर होईल, गुरुवार ठरला. सुपारी फुटली, आणि जिची फुटली ती त्या वेळी त्याच घरात वरच्या खोलीत, नवऱ्यासोबत. शब्द देण्याआधी खालच्या तिघांपैकी, म्हणजे बाप, आई आणि पॅरिस यांच्यापैकी, कुणीही वर जाऊन तिला विचारत नाही.

तो का बदलला, हे नाटक उघड सांगत नाही. माझा अंदाज असा की वैरात घरचा तरणा पोरगा गेल्यावर त्याला राजाच्या नात्यातली सोयरीक हातची जाऊ द्यायची नव्हती. त्याला लेकीचं लग्न झालेलं माहीत नव्हतं, तेवढी सूट त्याला द्या. पण स्वतः घातलेली संमतीची अट त्यानं स्वतःच मोडली, ती सूट मिळण्यासारखी नाही. एकुलती एक आंडेर गुडघे टेकून 'माझं ऐकून घ्या' म्हणते, तर तो म्हणतो फासावर जा, भीक माग, उपाशी राहा, रस्त्यावर मर. तिचं कारण ऐकायलाही तो थांबत नाही.

कुणीतरी म्हणेल, त्या काळी लग्नं अशीच व्हायची. त्याला उत्तर द्यायची तयारी ठेवा. इंग्लंडात कायद्यानं बारा वर्षांची मुलगी लग्नाला चालायची हे खरं. पण प्रत्यक्षात बहुतेक बायकांची लग्नं पंचविशीच्या आसपास होत. तेरा वर्षांची नवरी शेक्सपिअरच्या प्रेक्षकांनाही लहानच वाटणार होती.

तिनं खरं का सांगितलं नाही, हा प्रश्न आप्पा नक्की विचारतील. टिबॉल्टला मारणाऱ्याचं नाव त्या दिवशी त्या घरात कसं घेणार? भाऊबंदकीचा जाब इथे द्यावा लागतो. हे वैर कशावरून सुरू झालं, ते अख्ख्या नाटकात कुणीही सांगत नाही. आपल्याकडे बांधावरून तिसऱ्या पिढीत कोर्टात उभे असलेल्यांना मूळ बांध कोणता ते सांगता येत नाही, तसंच. आणि हे थांबवणं थोरल्यांच्या हातात होतं याचा पुरावा पहिल्याच रात्री आहे. जेवणाच्या वेळी टिबॉल्ट रोमिओला ओळखतो, तलवार मागवतो, आणि कॅप्युलेट त्याला झापून गप्प बसवतो: पोरगा नीट वागतोय, गावात त्याचं नाव चांगलं आहे, माझ्या घरात त्याला धक्का लागता कामा नये. म्हाताऱ्यानं मनावर घेतलं तर एका वाक्यात काम होतं. त्यानं ते फक्त मेजवानीपुरतं मनावर घेतलं.

कॅप्युलेटच्या खालोखाल फ्रायरचं नाव मी लिहीन. सगळं माहीत असलेला तो एकटा. त्याचा हेतू चांगला होता, या लग्नानं दोन घरं एक होतील असं त्याला वाटत होतं. पण ज्या लग्नानं वैर मिटवायचं ते लपवून ठेवलं तर वैर मिटणार कसं? बोलायच्या संधी मोजा. सोमवारी हद्दपारीचा हुकूम झाला तेव्हा. मंगळवारी पॅरिस स्वतः त्याच्या खोलीत आला तेव्हा. बुधवारी कॅप्युलेटच्या घरात सगळे छाती पिटत होते तेव्हा. तिन्ही वेळा तो गप्प राहिला. खुद्द ज्युलिएटला औषध घेण्याआधी क्षणभर शंका येते, की आपलं पहिलं लग्न उघडं पडून त्याची नाचक्की होऊ नये म्हणून यानं विषच तर दिलं नसेल? ती शंका खोटी ठरते. पण तेरा वर्षांच्या पोरीला जे सुचलं ते आपणही तपासायला हवं: या बेतानं फ्रायर स्वतःलाही वाचवत होता.

ज्युलिएट मेलेली नाही, नुसती झोपलेली आहे, हे रोमिओला कळवणाऱ्या चिठ्ठीचं प्रकरण लोक नशिबावर ढकलतात. तिथे बारकाईनं वाचा. सोमवारी रात्री फ्रायरनं रोमिओला शब्द दिला होता की तुझ्याच नोकराकरवी इथल्या खबरा पाठवत जाईन. तो नोकर बाल्थाझार. पण सगळ्यात महत्त्वाची चिठ्ठी त्यानं फ्रायर जॉन या दुसऱ्या साधूकडे दिली आणि बाल्थाझारला बेताची कल्पनाच दिली नाही. जॉन सोबतीला आणखी एक साधू शोधायला गेला, तो साधू आजाऱ्यांची सेवा करत होता, प्लेगच्या संशयानं तपासनिसांनी त्या घराला बाहेरून टाळं ठोकलं. चिठ्ठी परत पाठवायलाही माणूस मिळेना. इकडे बाल्थाझारनं ज्युलिएटला थडग्यात ठेवताना पाहिलं आणि घोडा दौडवत मँटुआ गाठलं. रोमिओ त्याला पुन्हा विचारतो, फ्रायरची चिठ्ठी नाही? तो म्हणतो, नाही. खरी बातमी अडकली आणि खोटी पोचली, ती नेमकी त्याच वाटेनं जी फ्रायरनं स्वतः ठरवून मग सोडून दिली. १५९२ ते १५९४ लंडनची नाटकघरं प्लेगमुळे बराच काळ बंद होती, टाळं ठोकलेली घरं प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिली होती. अशा दिवसांत एकाच माणसावर दोन जीव टांगायचे नसतात, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नसेल. आणि शेवटी तळघरात ज्युलिएट जागी झालेली असताना, बाहेर पहाऱ्याची चाहूल लागताच फ्रायर तिला एकटीला सोडून पळतो. मला सगळ्यात जास्त दुःख याचं वाटतं. पुढे तो राजापुढे सगळं कबूल करतो, स्वतःचा जीवही देऊ करतो, तेही नोंदवा.

बाकीच्यांवर फार वेळ घालवू नका. ४० डुकॅटला विष विकणारा औषधवाला भुकेला आहे. रोमिओच्या हातून टिबॉल्टचा आणि शेवटी थडग्यापाशी पॅरिसचा असे दोन खून झालेत, तेवढा दोष त्याचा त्याला द्यावाच लागेल. राजा तर स्वतःच म्हणतो की तुमच्या भांडणाकडे डोळेझाक केली म्हणून माझीही दोन नात्यातली माणसं गेली. ब्रूकनं काव्याच्या शेवटी औषधवाल्याला फाशी दिली, दाईला हद्दपार केलं, फ्रायरला सोडलं. शेक्सपिअरचा राजा एवढंच म्हणतो की काहींना माफी मिळेल, काहींना शिक्षा. नावं तो घेत नाही. ती रविवारी तुम्हाला घ्यायची आहेत.

आई, आता तुझी दाई. तिच्यावर रागावण्याआधी तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश पुन्हा वाच. कॅप्युलेट पोरीला शिव्या घालत असतो तेव्हा त्याच्या तोंडावर 'मालक, दोष तुमचा आहे' असं म्हणणारी त्या घरात एकच बाई निघते, ती ही. पोटची पोर गेली आणि त्याच वयाच्या ज्युलिएटला तिनं अंगावर पाजलं. पुढे ती कच खाते, पॅरिसशी लग्न कर म्हणते, ते भयंकरच आहे. पण त्याआधी काय झालं ते बघ. बाप निघून गेल्यावर ज्युलिएट आईकडे वळते, आणि आई म्हणते, माझ्याशी बोलू नकोस, मी एक शब्द बोलणार नाही, तुला हवं ते कर, माझं तुझं संपलं. एवढं बोलून तीही निघून जाते. उरते ती पगारी दाई.

बैठकीत हा प्रवेश मोठ्यानं वाचायचा असेल तर कॅप्युलेट आप्पांनी वाचावा, पण ओरडून नव्हे. शब्दच पुरेसे आहेत. ज्युलिएट एखाद्या शाळकरी पोरीला द्या. आईची आणि दाईची दोन्ही वाक्यं तू वाच. दाईचा सल्ला वाचून झाला की पुढच्या ओळीवर लगेच जाऊ नकोस, चार श्वास थांब. तिथे ज्युलिएट एवढंच विचारते, 'हे तू मनापासून बोलतेस?'

तुमची,
लेक