पिवळी पाटी, पीपी नंबर आणि पित्रोदांचं एक्स्चेंज

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मोबाईल आणि एआयवाल्या मंडळींवर दोन पानं दिलीत, वाचली, छान आहेत. पण माझं आयुष्य ज्यानं बदललं त्या माणसाचं नाव त्यात कुठंच दिसलं नाही म्हणून लिहितोय. सॅम पित्रोदा, टेलिफोनचे इंजिनिअर. काँग्रेसशी नाव जोडलेलं, म्हणून आता लगेच कुणीतरी राजकारण काढेल, तर ते राहू द्या बाजूला, मी फक्त टेलिफोन एक्स्चेंजबद्दल बोलतोय, म्हणजे एक फोन दुसऱ्याला जोडून देणाऱ्या यंत्राबद्दल.

मी दोन वर्षांचा असताना पोलिओनं डावा पाय गेला. बारावी झालो, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि अर्ज टाकत बसलो. गाव पाटण तालुक्यातलं, निम्मे बाप्ये मुंबईला माथाडीत. त्यांच्याशी बोलायचं तर एसटीनं तालुक्याला जायचं, ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरनं जोडून द्यायचा बाहेरगावचा फोन, बुक करायचा आणि बाकड्यावर बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग असे प्रकार असायचे, लायटनिंगचे पैसे ऐकून माणूस गप ऑर्डिनरीच्या लायनीत बसायचा, आणि सकाळचा कॉल दुपारी लागला तरी नशीब म्हणायचं.

1992 ला आमच्या गावात एक्स्चेंज आलं. आम्हाला वाटलेलं केवढं मशीन येतंय, तर एका खोलीत मावणारं कपाट निघालं! एसी नाही काही नाही. तीच तर खरी गंमत होती, कारण बाहेरून आणलेली एक्स्चेंजं मोठ्या शहरांसाठी बनलेली, त्यांना गार हवा लागायची, धूळ चालायची नाही. पित्रोदांनी 1984 ला सी-डॉट ही सरकारी टेलिफोन संशोधन संस्था उभी केली आणि तिथं हे 128 लायनींचं गावाकडचं एक्स्चेंज बनलं, उकाडा आणि धूळ सोसणारं. पहिलं बसलं 1986 ला, कर्नाटकात कित्तूरला. आपल्याकडं फोन थोडे पण एकेका फोनवर बोलणारे ढीगभर, हाही हिशेब त्यात धरलेला. आणि त्यांचं म्हणणं साधं होतं, घरोघरी फोन जेव्हा व्हायचा तेव्हा होईल, आधी प्रत्येकाला चालत जाऊन फोन करता आला पाहिजे. ओडिशातल्या टिटलागडसारख्या ठिकाणी जन्मलेला आणि अमेरिकेला शिकायला जाईपर्यंत स्वतः कधी फोन न केलेला माणूस, त्यालाच हे सुचणार.

सगळं एकट्यानं केलं असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेतले पिटके होते, टेलिफोन खात्याच्या संशोधन केंद्रातले मीमांसी होते, शिवाय शेकडो तरुण इंजिनिअर पोरं. 36 महिने आणि 36 कोटी असा शब्द दिलेला, त्यात शहरातलं मोठं एक्स्चेंज काही वेळेत झालं नाही, टीकाही बरीच झाली. पण गावचं झालं, आणि मला तेच लागत होतं.

पैसे देऊन फोन करायचे बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं, तसा मला मिळाला. स्टँडसमोर काचेची केबिन, आत छोटा पंखा, बाहेर पिवळी पाटी, एसटीडी आयएसडी पीसीओ. लाल आकड्यांचा मीटर पळायला लागला की गिऱ्हाइकाची नजर तिकडं. एक बाई दर रविवारी रात्री यायच्या, रेट उतरल्यावर, नवरा भांडुपला. बोलणं एवढंच, "जेवला का, पैसे पोचले, पोरगं बरं हाय," आणि डोळा मीटरवर, दहा रुपयांच्या आत ठेवून द्यायच्या. एकदा विसरल्या, बावीस रुपये झाले, मी दहाच घेतले, तर दुसऱ्या दिवशी बारा रुपये आणून टेबलावर आपटले, वर मलाच बोलल्या.

निम्म्या गावानं पीपी म्हणून, म्हणजे बोलावून देणाऱ्याचा फोन म्हणून, माझा नंबर दिलेला. लग्नपत्रिकेवर सुद्धा. फोन आला की "धरा, बोलावतो" म्हणायचं आणि एखादं पोरगं पळवायचं. रात्री पोरगं कुठलं मिळणार, मग मीच कुबडी घेऊन निघायचो, आणि रात्रीचा फोन म्हणजे कधीच चांगला नसायचा. दार वाजवून काय सांगायचं हे मी वाटेत ठरवायचो, फोन आलाय एवढंच सांगायचो, बाकीचं त्यांना माझा चेहरा बघूनच कळायचं. पावसाळ्यात केबल भिजली की पंधरा पंधरा दिवस लाईन डेड, तेव्हा शिव्या मलाच बसायच्या, जसं काय ढग मीच आणलेत.

पण एक सांगतो, गावात मला लंगड्या म्हणायचे, तोंडावर, प्रेमानं वगैरे. बूथ टाकल्यावर वर्षभरात 'बूथवाले' झालो, अहो-जाहो सुरू झालं. बहिणीचं लग्न त्या कमिशनवर झालं, माझं पण. सासऱ्यांनी पाय बघितला नाही, पाटी बघितली.

मग मोबाईल आला, 2003 ला इनकमिंग फुकट झालं आणि गिऱ्हाईक तुटत गेलं. 2009 ला कनेक्शन सरेंडर केलं. राग नाही, त्या मोबाईलवरच तर हे टाईप करतोय. बिलाच्या मशीनच्या रोलचा एक खोका अजून माळ्यावर आहे, बायको त्यावर वाण्याची यादी लिहिते.

आपला,
एक जुना बूथवाला
ता. पाटण, जि. सातारा