गेटवरच्या पाटीविषयी सुहासला

पुणे

प्रिय सुहास,

परवा तुमच्या सोसायटीच्या गेटवर नवी पाटी पाहिली. 'फिरस्ते व भिक्षेकरी यांना सक्त मनाई. संशयित दिसल्यास पकडून ठेवावे.' खाली सचिव म्हणून तुझी सही. जेवताना वहिनी, मुलं सगळी होती, म्हणून विषय काढला नाही. पण ते दुसरं वाक्य डोक्यातून जात नाही.

'संशयित दिसल्यास' म्हणजे नक्की काय दिसल्यास, रे? कुलूप तोडताना दिसला तर गोष्ट वेगळी. इथे मळकं धोतर, वाढलेली दाढी आणि खांद्याला झोळी एवढ्यावर वॉचमन माणूस धरणार.

राईनपाडा आठवतंय ना तुला? धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८. रविवारचा आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे पाच डवरी गोसावी भिक्षा मागत तिथे पोचले. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या भागात आधीच मोबाइलवर फिरत होते. लोकांनी त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. पाचही जण गेले. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार हिंडून पोट भरणारी ही भटकी जमात. आपल्या लहानपणी असं कुणी दारात आलं की आजी सुपातून जोंधळे घालायची आणि 'कुठल्या गावचं रं बाबा?' म्हणून चौकशी करायची. त्यांचं उत्तर ऐकून घेणारं कुणी त्या दिवशी हवं होतं. फार हवं होतं.

हे खेड्यातल्या अडाणी गर्दीचं काम, असं तू म्हणशील. मला ते पटत नाही. हा संशय शिकलेल्या माणसांनी कायद्यात लिहून ठेवला होता. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे तो आपल्याकडेही आला, आणि पारधी, कैकाडी, मांग गारुडी यांची पोरं जन्मतःच गुन्हेगार ठरली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत. आतल्यांना रोज हजेरी. देश स्वतंत्र झाला तरी त्यांची सुटका व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. आणि तुरुंगांच्या नियमावल्यांत 'सराईत गुन्हेगार' म्हणून विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या, जमातींकडे बोट दाखवणारे उल्लेख तरीही राहिलेच. सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवले ३ ऑक्टोबर २०२४ ला! म्हणजे अगदी काल-परवा.

तुमच्याकडे दोन फ्लॅट फुटलेत, लोक घाबरलेत, हे मला कळतं. मग मागच्या भिंतीचा कॅमेरा दुरुस्त करा. गेटवर वही ठेवा आणि सुटाबुटातल्या एजंटापासून भंगारवाल्यापर्यंत प्रत्येकाचं नाव लिहा, सगळ्यांना एकच नियम. शंका आली तर ११२ ला फोन करा. पण पकडून ठेवायचा हुकूम वॉचमनला देऊ नकोस. उद्या दहा जण जमले की तोही त्यांना आवरू शकणार नाही, तूही नाही.

शनिवारच्या मीटिंगची वाट न बघता पाटी उतरव. नवा मजकूर हवा तर मी लिहून देतो, आणि कमिटीत कुणी अडून बसलं तर मी स्वतः येऊन बोलतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश