बारा गुंठे म्हणजे बारा आर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात मुळशी, मावळ, हवेली, खेड या भागांतल्या प्लॉटच्या जाहिराती असतात. भाव गुंठ्याचा, सातबारा हेक्टर-आरचा, बांधकाम परवानगीचा नकाशा चौरस मीटरचा, आणि घेणारा मनात चौरस फुटांचा हिशेब मांडत असतो. या चार मापांत कुठेतरी गडबड होते आणि ती बहुधा घेणाऱ्याच्या अंगावर येते. त्यासंबंधी हे पत्र.

सगळ्यात रुळलेली चूक म्हणजे 'आर काय नि गुंठा काय, एकच'. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौरस. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती, म्हणून एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा : १०८९ चौरस फूट, १०१.१७ चौरस मीटर. आर हे मेट्रिक माप आहे. १० मीटर गुणिले १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६.३९ चौरस फूट. फरक साडेबारा चौरस फुटांच्या आसपास. एकेका गुंठ्याला तो किरकोळ वाटतो, पण भाव लावून पाहा. व्यवहार ठरला १२ गुंठ्यांचा, दर दहा लाख रुपये गुंठा, आणि खरेदीखतात क्षेत्र आले ०.१२.०० हे. आर, म्हणजे बारा आर. ही जमीन ११.८६ गुंठेच भरते. सुमारे १५१ चौरस फूट कमी, आणि पैसे मात्र १ लाख ३९ हजारांच्या आसपास जास्त गेले. यात कोणी फसवलेच असेल असे नाही. विकणाऱ्याच्या डोक्यातही बारा आर म्हणजे बारा गुंठेच असतात.

'हेक्टर म्हणजे अडीच एकर' हे त्याच चुकीचे मोठे भावंड. अडीच एकर म्हणजे १०० गुंठे. हेक्टरात बसतात ९८.८४. एक एकर म्हणजे ४० आर नव्हे, ४०.४७ आर. एकरामागे जवळजवळ अर्धा गुंठा इकडचा तिकडे होतो.

सातबारावरचे क्षेत्र वाचण्याची रीत एकदा नीट समजली की अर्धे काम होते. शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा तीन खणांत लिहिलेले असते. बिनशेतीच्या सातबारावर आर आणि चौरस मीटर असे दोनच. मधली टिंबे दशांशचिन्हे नाहीत, खण वेगळे करणाऱ्या खुणा आहेत. म्हणून ०.१२.०५ म्हणजे १२०५ चौरस मीटर आणि ०.१२.५० म्हणजे १२५०. कोणी घाईत ०.१२.५ लिहिले तर ते पाच की पन्नास, हे मूळ उताऱ्यावरूनच ठरवावे, अंदाजाने नाही. तोंडी बोलताना 'एक हेक्टर पाच आर' आणि 'दीड हेक्टर' यांचीही अशीच सरमिसळ होते : पहिले १.०५.००, दुसरे १.५०.००.

हिशेबाचा सोपा नियम असा, की आधी सगळे चौरस मीटरवर आणायचे आणि मगच दुसऱ्या मापात न्यायचे. समजा सातबारावर १.२१.५० आहे. हेक्टरचे १०,०००, आरचे २,१००, वर ५०, एकूण १२,१५० चौरस मीटर. याला १०१.१७ ने भागले की १२०.०९ गुंठे, म्हणजे तीन एकर आणि वर जेमतेम दहाव्या हिश्शाचा गुंठा. चौरस फूट हवे असतील तर १०.७६४ ने गुणावे. काही जण तोंडी हिशेबाला सोपे म्हणून पावणेअकराने गुणतात. तेवढ्याने एकरामागे ५६ चौरस फूट गळतात. आणि फुटाचा गुंठा, गुंठ्याचा आर, आरचे परत फूट अशी उलटसुलट फिरवाफिरव तर करूच नये. प्रत्येक वळणावर पूर्णांक करण्याच्या नादात थोडे थोडे सांडत जाते.

जुन्या कागदांत एकर-गुंठ्याची टिंबे आणखी फसवी असतात. '२.१० एकर' असे लिहिले असेल, तर जुन्या पद्धतीत ते दोन एकर दहा गुंठे, म्हणजे सव्वादोन एकर, ९० गुंठे. संगणकावर बसलेला नवा माणूस ते दशांश समजून चाळीसने गुणतो आणि ८४ गुंठे काढतो. सहा गुंठ्यांची तफावत टिंबाच्या अर्थावरून! एकर-गुंठ्याच्या पद्धतीत टिंबानंतरचा आकडा कधीच ४० किंवा त्याहून मोठा नसतो. तो ६० किंवा ७५ दिसला तर ते दशांशच आहे, एवढी खूण लक्षात ठेवावी.

आण्यांचेही तसेच. गुंठ्याचे सोळा आणे, म्हणून क्षेत्रातला एक आणा सुमारे ६८ चौरस फुटांचा. पण जुन्या उताऱ्यावर सहहिस्सेदाराच्या नावापुढे 'चार आणे' असेल तर तो सोळा आण्यांतला हिस्सा, म्हणजे संपूर्ण गटाचा, एका क्रमांकाखालच्या सगळ्या जमिनीचा, पाव भाग. एकीकडे २७२ चौरस फूट, दुसरीकडे कदाचित पाऊण एकर. आणि टिपणावर, म्हणजे मोजणीच्या वेळच्या जुन्या कच्च्या नकाशावर, शेताच्या बाजूची लांबी साखळी-आण्यांत असते, तिथला आणा २ फूट पाऊण इंचाचा. शब्द एकच, अर्थ तीन. घरातली वडीलधारी माणसे काठी, पांड, बिघा बोलतात. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा हे खरे, पण काठीची लांबी भागाभागात वेगळी होती, त्यामुळे बिघ्याला ठरीव गुणक लावून दर ठरवणे धोक्याचे. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या खरेदीखतांत चौरस वार आढळतात, ते मात्र सरळ : एका चौरस वाराचे नऊ चौरस फूट, आणि १२१ चौरस वारांचा एक गुंठा.

कागद झाला, आता जागेवर. विक्रेता टेप धरून चारही बाजू ३३-३३ फूट दाखवतो आणि 'बघा, पुरा गुंठा' म्हणतो. चार बाजू सारख्या असल्या म्हणजे चौरस होत नाही. तोच तुकडा तिरका असेल, कोपरा ६० अंशांचा असेल, तर क्षेत्र ९४३ चौरस फूटच भरते. यावर उपाय कर्ण मोजण्याचा. खऱ्या गुंठ्याचे दोन्ही कर्ण ४६ फूट ८ इंच यायला हवेत. वेड्यावाकड्या तुकड्यात समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याची पद्धत अजून सर्रास चालते. तिने येणारे क्षेत्र खऱ्यापेक्षा कमी कधीच येत नाही, चौकोन जितका वाकडा तितके जास्तच येते. त्याऐवजी एक कर्ण टाकून दोन त्रिकोण करावेत आणि दोन्हींचे क्षेत्र वेगळे काढून बेरीज घ्यावी. फूट-इंचातही एक खोच आहे. ३३ फूट ६ इंच म्हणजे ३३.५, ३३.६ नव्हे. वहीत इंच टिंब देऊन लिहिण्याच्या सवयीने बरेच नकाशे बिघडतात.

भोर, राजगड, मुळशीच्या डोंगरउतारावर आणखी एक गोष्ट. सरकारी क्षेत्र हे नेहमी आडव्या पातळीवरचे असते, उतारावरचे नाही. २० अंशांच्या उतारावर टेप जमिनीला लावून १०० फूट मोजले तर नकाशावर ते ९४ फूट धरले जातात. त्यामुळे टेकडीवरचा प्लॉट टेपने भरला आणि मोजणीत कमी आला, तर दोष मोजणीदाराचा नसतो.

निव्वळ किती हाती येते, हाही प्रश्न मापाइतकाच महत्त्वाचा आहे. सातबारावर लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारे क्षेत्र, वेगळे दाखवलेले असतात. पोटखराबा 'ब' म्हणजे सार्वजनिक रस्ता, कालवा, तलाव असल्या कारणांसाठीचे क्षेत्र. त्याचे गुंठ्याच्या दराने पैसे का द्यावेत? 'गुंठा प्लॉट'च्या जाहिरातीत तर १०८९ फुटांत अंतर्गत रस्त्याचा वाटा बहुतेकदा धरलेला असतो, आणि कुंपण घालताना ९०० फुटांच्या आतबाहेरच काहीतरी मिळते. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या मंजूर रेखांकनात (प्लॉट पाडण्याच्या नकाशात) किमान दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, रस्ते वेगळेच. तेव्हा एका एकरात गुंठ्याचे चाळीस प्लॉट असे कोणी सांगत असेल तर त्याला एवढेच विचारावे, की रस्ता कुठून जाणार?

खरेदीपूर्वी सातबाराचे एकूण क्षेत्र भूमी अभिलेख कार्यालयातल्या आकारबंदाशी, म्हणजे प्रत्येक गटाचे क्षेत्र आणि आकारणी नोंदवलेल्या मूळ नोंदपत्रकाशी, जुळते का, ते पाहावे. जुळत नसेल तर आधी दुरुस्ती, मग इसार. सामाईक गटातून काही गुंठे घेणार असाल तर पोटहिस्सा मोजणी होऊन तुमचा हिस्सा वेगळा निघेपर्यंत ते गुंठे कागदावरच असतात. हद्द कायम मोजणी (हद्दी जागेवर निश्चित करणारी सरकारी मोजणी) करून 'क' प्रत, म्हणजे त्या मोजणीचा नकाशा, हाती आल्यावरच अंतिम क्षेत्र धरावे.

साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, 'क्षेत्र अदमासे' असा शब्द ठेवू नये. क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहावे, शेजारी गुंठे चालतील. दर कोणत्या एककाचा, हे त्याच वाक्यात यावे, आणि मोजणीत क्षेत्र कमी-जास्त भरल्यास त्याच दराने रक्कम कमी-जास्त होईल असे कलम घालावे. व्यवहार उक्ता, म्हणजे क्षेत्र न मोजता एकरकमी, ठरला असेल तर तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे नंतर भांडण नको. नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकांकडे डेटा एंट्रीत एककाचा रकाना स्वतः तपासावा. चौरस फुटांचा आकडा चौरस मीटर म्हणून चढला तर सूची दोनमध्ये (नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात) जमीन पावणेअकरा पट दिसते, आणि ती निस्तरायला पुन्हा सगळ्यांच्या सह्यांचे चूकदुरुस्ती पत्र नोंदवावे लागते. मुद्रांक शुल्कासाठीचे वार्षिक दर शेतीला हेक्टरी आणि प्लॉटला चौरस मीटरला असतात, तेव्हा तिथेही गुंठ्याचा उपयोग नाही.

गुंठा हद्दपार करावा असे मुळीच म्हणायचे नाही. माणसे जागेचा विचार त्यातच करतात. मात्र आपल्या जाहिरात विभागाने जमिनीच्या छोट्या जाहिराती स्वीकारताना गुंठ्यासोबत चौरस मीटरचा आकडा, आणि तो रस्ता धरून आहे की वगळून, एवढे दोन तपशील सक्तीचे करावेत. '१२ गुंठे, १२१४ चौ. मी., रस्ता वगळून' : एका ओळीत बसते.

आपला,
भूमापन व दस्तलेखनाच्या कामातील एक वाचक, पुणे