जामीन मंजूर, पण जामीनदार कुठून आणायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोफत विधी साहाय्याच्या ज्या बातम्या छापून येतात त्या बहुधा शिबिरांच्या आणि लोकअदालतीत निकाली निघालेल्या दाव्यांच्या असतात. त्या हव्यातच. पण गरिबाला न्याय मिळाला की नाही याची खरी कसोटी लागते न्यायालयाने जामीन मंजूर केल्याच्या दुसऱ्या दिवशी. आदेशात एक वाक्य असते: ‘15,000 रुपयांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.’ जातमुचलका ही आरोपीची स्वतःची लेखी हमी; जामीनदार मात्र ऐपतीचा दुसरा माणूस लागतो. ज्याच्या नावावर जमीन नाही की घर नाही, त्याच्यासाठी आदेशातले हे एकच वाक्य तुरुंगाचे दार पुन्हा लावून घेते. असे लोक आदेश हातात असूनही आत राहतात, आणि बाहेर सगळे समजतात की काम झाले.

जामीनदार उभा करायला काय लागते ते पाहा. आधारकार्ड, रेशनकार्ड, फोटो, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगाराची पावती. शिवाय आपण याआधी किती जणांना जामीन राहिलो याचे निवेदन. काही ठिकाणी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखलाही मागतात; त्यासाठी तलाठ्यापासून तहसीलपर्यंत कागद फिरतो आणि त्यात आठवडे जातात. बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापूर जिल्ह्यात अटक झाला, तर हंगाम संपल्यावर त्याची टोळी गावी परतलेली असते. त्या तालुक्यात त्याला ओळखणारा सातबारावाला माणूस कोण? पारधी वस्तीवर तर अनेक कुटुंबांकडे स्वतःचेच रेशनकार्ड नसते. मग कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे गाठले जातात, खोटी कागदपत्रे पुढे येतात, आणि ती पकडली गेली की मूळ आरोपीचीच अडचण वाढते.

खेदाची गोष्ट अशी की कायदा या बाबतीत मुळीच कठोर नाही. 1978 साली मोतीराम खटल्यात एका गवंड्याकडे 10,000 रुपयांचा जामीन मागितला गेला होता. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला जामीनदार म्हणून नाकारले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बाजूला सारून 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटका केली. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर ती व्यक्ती निर्धन आहे असे मानून जातमुचलक्यावर सोडावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचे) कलम 478 सांगते.

अजामीनपात्र गुन्ह्यांसाठी 31 जानेवारी 2023 चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आहेत. जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृह अधीक्षकांकडे जावी. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत विधी साहाय्य देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, सचिवांना कळवावे. सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा कारागृहभेटीचा वकील पाठवून अडचण काय ते समजून घ्यावे, गरज पडल्यास बंदिवानाच्या आर्थिक-सामाजिक स्थितीचा अहवाल न्यायालयापुढे ठेवावा. महिन्याभरात जामीनदार दिला गेला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. ‘बाहेर पडल्यावर जामीनदार आणतो’ असे आरोपी म्हणत असेल, तर ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीनही देता येतो. स्थानिकच जामीनदार हवा ही अट सुटकेला उशीर करते, म्हणून ती घालू नये, हेही त्यात आहे.

अडते कुठे? आमच्या मते सर्वांत मोठी चूक नेमणुकीत आहे. प्राधिकरणाच्या पॅनेलवरील (मोफत काम करण्यासाठी यादीत घेतलेल्या) वकिलाची नेमणूक बऱ्याचदा जामीन अर्जापुरती समजली जाते. आदेश झाला की फाईल बंद, आणि जामीनदाराचे कागद जमवणे हे कुणाचेच काम उरत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2022 च्या योजनेतून गरीब आरोपींची बाजू मोफत मांडणारी, पूर्णवेळ वकिलांची लोक अभिरक्षक कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहिली आहेत. ‘प्रत्यक्ष सुटका’ होईपर्यंत प्रकरण त्यांच्या यादीतून निघू नये, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ फरक पडेल.

अट बदलून मागणारा अर्ज दोन पानांचा असतो, पण त्यात मोघम ‘आरोपी गरीब आहे’ लिहून भागत नाही. कुटुंबात कोण कोण, कमावते किती, मजुरी काय, त्या पत्त्यावर किती वर्षे राहतात, आधीचे गुन्हे आहेत का, शाळेत जाणारी मुले आहेत का, कोणत्या तारखेपासून जामीन मंजूर असूनही आत आहे, हे सगळे हवे. मागणीही क्रमाने करावी: केवळ जातमुचलका, ते शक्य नसेल तर कमी रक्कम, नाहीतर तात्पुरती रोख रक्कम भरून जामीनदारासाठी चार-सहा आठवड्यांची मुदत. रोख भरताना पावती भरणाऱ्याच्याच नावाची घ्यावी आणि जपून ठेवावी. खटला संपल्यावर ती रक्कम परत मिळते, पण पावती हरवलेली किंवा नाव भलत्याचेच, म्हणून गरिबांचे पैसे वर्षानुवर्षे न्यायालयात पडून राहतात. रक्कम भरण्याचीही ऐपत नसेल, तर केंद्र सरकारची गरीब बंदिवानांसाठी 2023 पासून योजना आहे. 2023 च्या मूळ मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्यासाठी (ज्याचा खटला अजून संपलेला नाही) 40,000 रुपयांपर्यंत तरतूद होती. अंमली पदार्थ, आर्थिक गैरव्यवहार अशा काही कायद्यांखालचे गुन्हे मात्र तिच्यातून वगळले आहेत.

आणखी एक गैरसमज कार्यालयांमध्येही दिसतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, मुले, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची मर्यादाच नाही. तरीही तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून माणसाला परत पाठवले जाते. ज्यांना उत्पन्नाच्या निकषावर मदत हवी आहे, त्यांचेही प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडे पैसे मागितले तर सचिवांकडे लेखी तक्रार करावी; तसे पैसे घेणे नियमाविरुद्ध आहे.

पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार त्याला मुचलक्यावर सोडायचे असते; फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. यासाठी अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकांवर आहे. पण दुसरा एखादा खटला प्रलंबित असेल तर हा लाभ अडतो. म्हणून पारध्यांसारख्या, संशयावरून वारंवार धरल्या जाणाऱ्या समाजांना हे कलम जवळजवळ निरुपयोगी ठरते. त्यांच्यासाठी नियमित जामीन अर्ज आणि अट शिथिल करण्याचे अर्ज हाच मार्ग उरतो, आणि तिथे वकिलाने ताकद लावायला हवी.

आमची मागणी साधी आहे. जामीन मंजूर होऊन सात दिवस उलटले तरी न सुटलेल्यांचा आकडा प्रत्येक कारागृहाने दरमहा जाहीर करावा; नावे नकोत, आकडा आणि अडलेले कारण पुरे. आपल्या जिल्हा आवृत्त्यांनी तो छापावा.

शेवटी एक विनंती. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा मदत क्रमांक या पत्रासोबत ठळक छापावा. फोन करणाऱ्या नातेवाइकांनी बंदिवानाचे पूर्ण नाव, कारागृह, पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, न्यायालय आणि जामीन आदेशाची तारीख एका कागदावर लिहून ठेवावी.

आपले,
विधी साहाय्याचे काम करणारे काही वकील व स्वयंसेवक,
सोलापूर